नोंदरावांचा खांब

नगरपालिकेच्या रस्ते विभागात नोंदराव लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहीत. हे नाव त्यांना आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, कचेरीने चिकटवलेलं. त्यांचं प्रत्येक पत्र ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे’ असं सुरू व्हायचं आणि खरं तर तिथेच संपायचं. पुढे दोनतीन परिच्छेद असत, पण हाताला तेल लावून लिहिल्यासारखे. कुठे धरायला जावं तर निसटले. साहेबांना याचं भारी कौतुक. “लोकांना उत्तर मिळालं पाहिजे, पण उत्तरात काही मिळता कामा नये,” असं ते म्हणत आणि न वाचता सही ठोकत.

एके वर्षी नगरपालिकेला सायकलींचा पुळका आला. इस्पितळापासून बाजारापर्यंत रस्त्याच्या कडेला हिरवा रंग फासला गेला. रंग वाळायच्या आत उद्घाटन उरकलं, त्यामुळे पाहुण्यांच्या बुटांचे ठसे मार्गावर कायमचे उमटले. बाकी मार्ग झकास होता. फक्त बाजाराच्या वळणावर, त्याच्या ऐन मध्यात, दिव्याचा खांब उभा होता.

सायकलवाल्यांच्या मंडळाने तक्रार केली. नोंदरावांनी हातखंडा वाक्यानंतर लिहिलं, ‘तथापि सदर खांब सायकलमार्गात आलेला नसून सायकलमार्ग खांबापाशी आलेला आहे, ही वस्तुस्थिती कृपया लक्षात घ्यावी. शिवाय खांबावर दिवा असल्याने तो रात्रीही स्पष्ट दिसतो.’ हे उत्तर बाकीच्या विभागांत नमुना म्हणून फिरलं.

सगळं असंच सुरळीत चाललं असतं, पण नोंदरावांना सासूबाई होत्या.

सासूबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या पी.टी.च्या बाई. लेकीकडे राहायच्या, गावभर सायकलवर फिरायच्या आणि ‘जावईबापू’ अशी हाक मारायच्या तीसुद्धा ‘सावधान’ म्हटल्यासारखी. जावई कचेरीत ‘पत्रव्यवहार बघतात’ एवढंच त्यांना ठाऊक होतं. एका सकाळी समोरून आलेल्या बाबागाडीला वाट द्यायला त्या वळल्या आणि खांबावर आदळल्या. उजवं मनगट मोडलं. खांबाला काही झालं नाही; तो नगरपालिकेचा होता.

त्यांनी डाव्या हाताने तक्रार खरडली आणि टाकली टपालात. नोंदराव तक्रारदाराचं नाव कधी वाचत नसत. नाव वाचलं की माणूस दिसतो, माणूस दिसला की हात अडखळतो. यथावकाश उत्तर घरी आलं आणि सासूबाईंनी ते जेवताना मोठ्याने वाचलं.

“‘आपल्या मनगटाची नोंद घेण्यात आली आहे.’ मनगटाची नोंद! पुढे ऐका. ‘सायकलस्वारांनी मार्गातील स्थिर वस्तूंशी सौजन्याने वागावे.’ कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?”

बायकोला ठसका लागला. तिला गाढव ओळखीचं होतं.

“असतो एखादा,” नोंदराव ताटात बघत पुटपुटले.

“एखादा नाही, चांगला पोसलेला दिसतोय.”

तक्रारी वाढल्या तशी नगरपालिकेने संवाद सभा बोलावली. अधिकारी मोटारींतून आले. सायकली लावायला जागा ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं, तेव्हा सायकलवाले त्या खांद्यावर घेऊन जिना चढले. साहेबांनी पडद्यावर हिरव्या मार्गाचे फोटो दाखवले. सगळे असे काढलेले की खांब चौकटीबाहेर. मग सासूबाई प्लास्टरचा हात उंचावून उभ्या राहिल्या.

“माझ्या मनगटाची नोंद घेतलीत, उपकार झाले. ती ज्याने घेतली त्याला बघायचंय.”

साहेब अडचणीत सापडले की फार उदार व्हायचे. त्यांनी कौतुकाने मागच्या रांगेकडे बोट दाखवलं. “हे आमचे नोंदराव. सगळं श्रेय त्यांचं.”

अख्खं सभागृह मागे वळलं. नोंदराव खुर्चीत इतके खाली सरकले होते की नुसतं टक्कल दिसत होतं. सासूबाईंनी ते टक्कल ओळखलं.

“जावईबापू?”

आयुष्यात इतक्या हळू त्या कधी बोलल्या नव्हत्या. त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं, असं नोंदरावांना वाटलं.

रात्री सगळे जेवायला बसले. सासूबाई डाव्या हाताने जेवत होत्या. चमचा तोंडाशी पोचेपर्यंत अर्धा रिकामा व्हायचा. हे रोजच होत असणार. नोंदरावांनी ते त्या दिवशी पाहिलं.

सकाळी त्यांनी सासूबाईंची सायकल बाहेर काढली.

“कुठे निघालात?”

“खांब बघून येतो.”

“चालवता येते?”

“लहानपणी यायची.”

“मग मीही येते. पाठ सरळ ठेवा!”

पुढे डगमगणारे जावई आणि मागून पायी हुकूम सोडणाऱ्या सासूबाई अशी वरात बाजाराच्या वळणावर पोचली. मागून बसने भोंगा दिला, डावीकडे भिंत, समोर खांब. नोंदराव पायडलसकट खाली आले, पँट गुडघ्यावर फाटली. बसल्या जागेवरून त्यांना खांबावरचे ओरखडे दिसले: निळे, लाल, काळे, एकावर एक. त्यातल्या कितीतरी जणांना त्यांनी सौजन्याने वागायला सांगितलं होतं.

“लागलं का हो?” सासूबाईंनी विचारलं. नोंदरावांच्या कचेरीतून हा प्रश्न आजवर कुणालाच गेला नव्हता.

त्याच दिवशी त्यांनी सायकल मंडळाला लिहिलं, ‘तुमची तक्रार बरोबर आहे. रंग लावण्याआधी आम्ही खांबाकडे बघितलं नाही. चूक आमची आहे, खांब आम्ही हलवायला हवा.’ साहेबांनी न वाचता सही ठोकली.

पत्र वर्तमानपत्रात सहीसकट छापून आलं. साहेबांना आधी घाम फुटला. मग अभिनंदनाचे फोन यायला लागले, तसे ते हळूहळू धाडसी होत गेले. प्रांजळ अधिकारी म्हणून त्यांचा सत्कारही झाला. खांब हलला, म्हणजे सरकून पदपथावर गेला. आता पायी चालणाऱ्यांच्या तक्रारींची नोंद दुसरं कुणीतरी घेतं. नोंदरावांची बदली भटक्या कुत्र्यांच्या विभागात झाली. इतकं साफ लिहिणारा माणूस रस्त्यांवर ठेवणं धोक्याचं होतं.

बायको हळहळली. सासूबाईंनी वाटी पुढे सरकवली.

“जेवा नीट. उद्या लवकर उठायचंय. तुम्हाला अजून ब्रेक लावता येत नाही.”