दोन साहेब

घड्याळजींचा उजवा डोळा डाव्यापेक्षा बारीक झाला होता. चाळीस वर्षं त्याच डोळ्याला भिंग लावलं, त्याची ही मिळकत. बायको म्हणायची, "माझ्याकडेसुद्धा स्क्रू हरवल्यासारखे बघता."

ती गेली आणि दुकानावरच्या दोन खोल्यांत भिंतीवरची घड्याळं उरली, शिवाय खिडकीजवळच्या काचेच्या पेटीतली तिची पाल. पोपटी रंगाची, पाठीवर तांबडे ठिपके, दिवसा जागी राहणारी. बायको तिला 'साहेब' म्हणायची. झाकणात केळ्याचा गर ठेवून विचारायची, "साहेब जेवले का?" साहेब पानाआडून येऊन चाटायचे.

आता गर घड्याळजी ठेवत, पण बोलत नसत. पालीशी काय बोलायचं? साहेब काचेला चिकटून दाराकडे बघत राहायचे. आठ महिने ते बघून घड्याळजींच्या मनाने घेतलं, हा एकटा झुरतोय.

दर रविवारी मेहुणी डबा घेऊन यायची. ती म्हणाली, "झुरतंय कोण ते मला दिसतंय. भावोजी, माझ्याकडे राहायला या."

"माझं काय! ह्याला जोडीदारीण आणतो."

पाळीव प्राण्यांच्या दुकानात साहेबांच्याच जातीची एक लहान पाल होती. नर की मादी, दुकानदाराला ठाऊक नव्हतं. घड्याळजी हसले. बायकोने साहेबांच्या मांड्या खालून काचेतून दाखवल्या होत्या. आतल्या बाजूला बारीक ठिपक्यांची ओळ असली की नर. त्यांनी भिंग लावलं. मांड्या कोऱ्या. भिंगाखाली जे दिसत नाही ते नसतंच, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब. त्यांनी 'बाईसाहेब' घरी आणल्या.

"नक्की ना?" मेहुणीच्या मनात पाल चुकचुकली.

"केसाएवढी स्प्रिंग बसवतो मी!"

चार महिने संसार बरा चालला. मग एका दुपारी ते खाली मनगटी घड्याळ उघडून बसले असताना वर धप्प आवाज आला. जिना चढून गेले, तर पेटीत दोघांची जुंपलेली. साहेबांचं शेपूट तुटून मातीत वळवळत होतं, आणि बाईसाहेबांनी त्यांची मान धरली होती.

घड्याळजींनी थेट हात घातला. बायको कधीच घालत नसे, ती बरणी पुढे धरून पालीला आत शिरू द्यायची. साहेब मुठीतून निसटले आणि त्यांच्या पाठीची कातडी ओल्या कागदासारखी बोटांना चिकटून आली.

मग बरणी आणली. बाईसाहेबांना जुन्या भिंतघड्याळाच्या काचेच्या पेटीत टाकलं. भिंग लावलं. दोन्ही मांड्यांवर ठिपक्यांची ओळ, टाचणीने टोचल्यासारखी स्वच्छ.

तेव्हा कुठे बायकोचं पुढचं वाक्य आठवलं. "वयात आल्यावर दिसते हं ओळ. लहानपणी सगळे सारखेच." ती सांगत असताना त्यांचा कान एका लंबकाच्या ठोक्याकडे होता. "हं," म्हणाले होते.

तीन दिवस साहेबांनी गराला तोंड लावलं नाही. उघड्या पाठीने पानामागे पडून राहिले. घड्याळजी दुकान बंद ठेवून समोर बसले. तिने तळहातावरच्या फोडासारखा जपलेला जीव, आणि आपल्याच बोटांनी सोलला!

रविवारी मेहुणी आली. सगळं ऐकून म्हणाली, "एका ऑफिसात दोन साहेब! मारामारी होणार नाही तर काय?" मग त्यांचा चेहरा बघून उठली. दोन्ही पेट्यांच्या मध्ये तिनेच पुठ्ठा उभा केला. "एकमेकांना दिसायला नकोत. ताई सांगायची, ह्यांना एकटंच बरं वाटतं."

"तुला सांगायची?"

"तुम्हालाही सांगितलं असेल." जाताना जिन्यावरून तिने विचारलं, "मग येताय माझ्याकडे?"

"हा खाऊ दे आधी."

ती गेल्यावर त्यांनी ताजा गर ठेवला. घसा खाकरला, आजूबाजूला पाहिलं.

"साहेब... जेवले का?"

पान हललं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, तिच्यासारखं, शेवटी थोडं उंच. बऱ्याच वेळाने एक डोळा दिसला, मग शेपटाचं थोटूक ओढत साहेब आले. एकदा चाटलं. थांबले. परत चाटलं.

घड्याळजींनी डोळे पुसले. पुठ्ठ्यापलीकडे जाऊन दुसऱ्यालाही तेच विचारलं. मग खुर्ची पुठ्ठ्याच्या सरळ रेषेत ओढून दोन्हीकडे बघत बसले. मेहुणीचा डबा टेबलावर तसाच बंद होता.