भिंतीवरचा बिननावाचा पितर

मुरबाडकडच्या आमच्या जुन्या घरात भिंतीवर एक रंगवलेला माणूस होता. कागदावर पाण्याच्या रंगांत काढलेला, शंभर वर्षांहून जुना. लाल पगडी, कानात भिकबाळी, आणि समोरचा आपल्याला फसवायलाच आलाय अशी नजर. तो कोण, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी पितृपक्षात काका त्याच्यासाठी कावळ्याला घास ठेवायचे. माझ्या वडिलांसाठी मात्र नाही. वडील काकांशी भांडून कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर गेले आणि तिकडेच वारले, एवढाच त्यांचा गुन्हा.

नव्वद सालानंतर वाटण्या झाल्या, तेव्हा मला जमीन मिळाली नाही. डोकं भडकलं. मी ते चित्रच खिळ्यावरून उतरवलं आणि चालता झालो.

पुढे शहापूरला हायवेलगत जुन्या दारं-खिडक्यांचं दुकान टाकलं. चित्र गल्ल्यामागे, उन्हापासून लांब टांगलं. ऊन लागलं की असले रंग उडतात. मुंबईची गिऱ्हाइकं ते मागायची. मी किंमत ऐकून घ्यायचो आणि नाही म्हणायचो. त्याचं खरं गिऱ्हाईक गावाकडे होतं. कधीतरी येणार, याची मला खात्री होती.

दोन हजार सालानंतरच्या एका भाद्रपदात चुलतभाऊ आला.

"दादा, बाबा लय थकलेत. पितर येतील नि भिंत रिकामी, असंच बोलत बसतात. काय घेशील, बोल."

"माझ्या बापाचा घास ठेवायचा. तुझ्या बाबांनी. नाव घेऊन."

"एवढंच?"

"एवढंच होतं, तर इतकी वर्षं का नाय ठेवला रे?"

तो चहा न पिताच गेला. पण पंधरवडा सरायच्या आत त्याचा निरोप आला: बाबा कबूल आहेत, सर्वपित्रीला चित्र घेऊन ये.

सर्वपित्रीला मी चित्र धोतरात गुंडाळून काकांच्या अंगणात उभा राहिलो. काकांनी पानावर भात वाढला आणि काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाय आलं," मी म्हणालो.

"कावळ्याला आलं."

"सौदा कावळ्याशी नाय केलेला, काका."

काकू पदराआड हसली. काकांनी माझ्याकडे जळजळीत पाहिलं. मग त्यांनी माझ्या वडिलांचं नाव घेतलं. शेताच्या बांधावरून धाकट्या भावाला हाक मारावी तसं, शेजारच्या अंगणात ऐकू जाईल इतकं.

चित्र मी माझ्या हातानं त्याच खिळ्यावर टांगलं. मग सगळ्यांबरोबर पंगतीत बसून पोटभर जेवलो. जमिनीचं बोलणं जेवणानंतर काढलं.