पाठमोरा शिपाई

रूमवर भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जायचो. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. त्यामुळे हे लिहायलाही लाज वाटतेय... पण फोटो माझ्याच मोबाईलमध्ये आहे, काय करू?

मी बहारीनला नईम भागातल्या एका फ्रेमच्या दुकानात काम करतो. सदूदादा माझा जोडीदार — संगमेश्वरकडचा, वयाने मोठा. त्याची आई बरीच आजारी होती. लीव्ह मिळत असूनही हा बाबा चार वर्षं गावी गेला नव्हता. शेवटी भावाने फोनवर झापल्यावर गुरुवारचं तिकीट काढलं.

सोमवारी सकाळी रिफा भागात राहणाऱ्या एका इंग्रज मॅडमनी जुनं चित्र आणलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, लाकडी चौकट किडलेली, ती बदलायची होती. शिपाई लढाईला निघाल्याची अशी चित्रं तेव्हा त्यांच्याकडे घरोघर लावायचे म्हणे. लाल कोटातला शिपाई घराकडे पाठ करून निघालाय, कडेवर मूल घेतलेल्या बायकोने त्याचा दंड धरलाय. मागे दारात त्याची म्हातारी आई, एक हात पुढे केलेला. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नाही.

चित्र चौकटीतून काढण्याआधी आम्ही मोबाईलवर फोटो काढतो, नंतर गिऱ्हाइकाची कटकट नको म्हणून. तसा मी काढला. सदूदादा माझ्या खांद्यावरून बघत होता.

"माजी आयपण अशीच उभी होती रे," तो म्हणाला. "मी गाडीत चढत होतो, तिनं मागनं हाक मारलीन. हातावर दही घालायचं राहिलं होतं ना... वाटी घेऊन धावत आली. आनि मी खेकसलो तिच्यावर. निघताना मागनं हाक मारतात काय, म्हटलं. वळून बघितलंपण नाय."

"मग गेला का नाहीस इतकी वर्षं?"

"कुठल्या तोंडानं जाऊ?" तो म्हणाला. "आता गुरुवारी जातोय. पयलं दही मागून घेनार हाय."

मी आपला काच पुसत राहिलो. संध्याकाळी नवी फ्रेम बसवली, मागून टेप मारली आणि चित्र भिंतीला टेकवून ठेवलं.

मंगळवारी दुपारी जेवण उरकत होतो तेवढ्यात सदूदादाला भावाचा फोन आला. आई गेली होती. तो रडला नाही, नुसता स्टुलावर बसून राहिला. मालकांनी त्याच दिवसाचं तिकीट करून दिलं.

त्याची गाडी येईपर्यंत हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी ते चित्र पॅक करायला घेतलं... आणि तसंच उजेडाकडे नेलं. दार होतं, पायरी होती. म्हातारी नव्हती. खोडलेलं नाही, डाग नाही. ती उभी होती तिथे दाराचं लाकूड दिसत होतं, कडीसकट! मागची टेप जशीच्या तशी.

सदूदादा कधी शेजारी आला कळलं नाही. चित्र बघून म्हणाला, "खलास. गेली ती." मग बॅग उचलून निघाला. मी हाक मारली नाही.

रिफाला चित्र पोचवलं तेव्हा मॅडम खूश. म्हातारीचं विचारलं तर म्हणाल्या, यात म्हातारी कधीच नव्हती. मी फोटो दाखवला, त्यात म्हातारी होती. त्यांनी मोबाईल हातात घेऊन नीट पाहिला, म्हणाल्या, हे दुसरं कुठलं तरी चित्र असेल. पण फोटोत किडलेली चौकट त्यांचीच होती, खाली माझं टेबल होतं.

या सगळ्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. शपथेवर सांगतो, मी काही तिखटमीठ लावून सांगत नाहीये.

सदूदादा परत आला नाही. दर शुक्रवारी त्याचा फोन येतो. फोटो पाठवतो म्हटलं तर नको म्हणतो, स्वतः बघायचा धीर होत नाही त्याला. इकडचं तिकडचं बोलून झालं की हळूच विचारतो, "बघ जरा... वळला काय रे तो?"

मी खरंच फोटो उघडून बघतो. शिपाई तसाच घराकडे पाठ करून, म्हातारीचा हात तसाच पुढे असतो.

"नाय दादा," मी सांगतो. "अजून नाय."