सासऱ्यांचा अंड्याचा काटा

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत रविवारी गावठी अंडी विकायची कल्पना माझी. गेटच्या आत, वॉचमनच्या केबिनशेजारी एक टेबल. अंडी माझ्या धाकट्या जावेची. ती कल्याणपलीकडे आमच्या गावच्या घरी राहते आणि परसात कोंबड्या पाळते. दिराला ती परसातली जागा टेम्पो उभे करायला भाड्याने द्यायची होती. "ठाण्यात तुझी अंडी खपली तर कोंबड्या राहतील, नायतर टेम्पो," असं त्याने तिला तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे रविवार चालायलाच हवा होता.

अंडी खपायची, पण कुरकुर व्हायची. लवकर येणाऱ्या बायका मोठी वेचून न्यायच्या आणि उशिरा येणाऱ्यांना लिंबाएवढी उरायची. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी सुरू झाल्या. मला अव्यवस्था सहन होत नाही. माझ्या फ्रिजवर आठवड्याच्या कामांची यादी असते आणि तिच्याखाली मागच्या आठवड्यात राहिलेल्यांची.

गावच्या घरी माळ्यावर सासऱ्यांचा अंडी तोलायचा काटा होता. भातशेती कमी झाल्यावर त्यांनी काही वर्षं पोल्ट्री केली, तेव्हाचा. पत्र्याचा, तळहातावर मावणारा. एका टोकाला अंडं ठेवायची वाटी, दुसऱ्या टोकाला वजन. अंडं ठेवलं की काटा कमानीवरून सरकतो आणि लहान, मध्यम किंवा मोठ्याच्या खुणेवर थांबतो. खुणांच्या इंग्रजी अक्षरांवर सासऱ्यांनी ऑइलपेंटचे ठिपके दिले होते. मी तो ठाण्याला आणला, गंज खरवडला, शिलाई मशीनचं तेल सोडलं. काटा डुलायला लागला तेव्हा मला इतका आनंद झाला, की घरातली चार अंडी उगाचच तोलून पाहिली.

शनिवारी जाऊ अंडी घेऊन आली. मी तोलायची, ती ट्रेमध्ये लावायची. लहान अंडी तलंगांची, म्हणजे नुकत्या अंड्यावर आलेल्या कोंबड्यांची. मोठी जुन्या कोंबड्यांची.

"ताई, आपण तर सोनार झालो गो," ती हसून म्हणाली.

रविवारी टेबलावर तीन ट्रे. लहान, मध्यम, मोठी. माझ्या मते प्रश्न सुटला होता. समोरच्या विंगमधल्या काकू मोठ्या अंड्यांपाशी थांबल्या.

"ही गावठी?"

"हो."

"सगळी एका मापाची? तुमच्या कोंबड्या काय साचा घेऊन बसतात?"

"आम्ही तोलून लावलीत," मी म्हणाले.

"गावठी अंडी कोण तोलतं? ते पोल्ट्रीवाले. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवतात आणि गावठी म्हणून विकतात." काकूंनी रुमाल ओला करून एक अंडं घासून पाहिलं. रुमाल स्वच्छच राहिला.

"पक्का रंग असेल," मागून कोणीतरी म्हणालं. रांगेतल्या दोघी पिशव्यांची घडी घालायला लागल्या.

जाऊ माझ्या कानाशी आली. "ताई, आला बघ टेम्पो परसात."

मी काही बोलायच्या आत तिने टेबलाखालची टोपली ओढली आणि तिन्ही ट्रेमधली अंडी एकेक करून पेंढ्यावर ठेवली. सगळी एकत्र. वर दोन-चार शेण लागलेली, जी मी बाजूला काढली होती.

"घ्या गो, वेचून घ्या. कोंबडी देते तशी हायत."

काकूंनी टोपलीत हात घातला. "बघा, आता कशी गावठी दिसतात!"

"काकू, तीच आहेत."

"असतील. पण मघाशी वाटत नव्हती." आणि त्यांनी डझनभर उचलली. पिशव्या पुन्हा उघडल्या. दुपारपर्यंत टोपलीत पेंढा तेवढा उरला.

मी फक्त एक नियम घातला: दोन मोठी उचलली की एक लहान घ्यायचं. तक्रारी थांबल्या. काटा जाऊ गावी घेऊन गेली. खुडूक कोंबडीखाली उबवायला मध्यम अंडी बरी, ती निवडायला तो तिला सोयीचा पडतो.

मागच्या महिन्यात मी गावी गेले, तर दीर परसाच्या कडेने लोखंडी जाळी ठोकत होता.

"टेम्पोला जाळी कशाला रे?" मी विचारलं.

"कसला टेम्पो, वहिनी! मुंगूस येतं इथं. ती खिळ्यांची पिशवी द्या जरा."