वाकडा बिल्ला

कपडेदुरुस्तीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथं मशीनवर बसणाऱ्या बाईला सगळी गल्ली ओळंबा म्हणायची. गवंड्याचा ओळंबा भिंतीचा तिरकेपणा खपवून घेत नाही, तशी ही कुणाची कॉलर, कुणाचा पडदा खपवून घ्यायची नाही. एकदा ताप दाखवायला गेली आणि डॉक्टरच्या कोटाचं लोंबणारं बटण पक्कं करून आली. ताप सांगायचा राहूनच गेला.

अशा बाईच्या दुकानात लेकीनं नवंकोरं जॅकेट खुर्चीवर टाकलं आणि आंघोळीला गेली. बाहीवर कापडी बिल्ला, तोही तिरका. खाली वीतभर लाल दोरा लोंबतोय.

"हात मोडले का मेल्यांचे?" म्हणत ओळंबाबाईनं बिल्ला उसवला, सरळ बसवला, बारीक टीप मारली, दोरा कचकन कापला. वरून इस्त्रीही फिरवली.

लेक बाहेर आली ती किंचाळलीच. "आई! काय केलंस हे?"

"सरळ केलं. बोंबलतेस काय?"

"अगं, तो वाकडाच असतो!"

लेकीच्या लाडक्या बँडची गायिका म्हणे पहिल्या कार्यक्रमाला निघताना घाईघाईत स्वतःच बिल्ला टाचून गेली होती. तेव्हापासून बँडच्या अस्सल जॅकेटवर बिल्ला तिरका आणि दोरा लोंबता. सरळ बिल्ला असतो तो फुटपाथवरच्या नकली मालावर.

"म्हणजे एकीला शिवता येईना, म्हणून सगळ्यांनी तसंच फिरायचं?"

"हो!" लेकीचे डोळे भरले. "कॉलेजात वर्षभर मी एकटी डबा खातेय. आज पहिल्यांदा त्या पोरींनी मला कार्यक्रमाला बरोबर घेतलंय. आता म्हणतील, नकली घालून आली."

डब्याचं बाईला ठाऊक नव्हतं. रोज डबा रिकामा यायचा, एवढंच तिला माहीत. तिनं बिल्ला पुन्हा उसवला, खडूनं तिरकी रेघ मारली आणि शिवला.

"हे आखल्यासारखं दिसतंय."

"आखलंच आहे! न आखता कसं शिवू?"

पुन्हा उसवला. आता डोळे मिटून बसवला. डोळे उघडले तर बिल्ला सरळ. बाईनं कपाळावर हात मारला. "माझ्या हातून नाही व्हायचं. धर सुई, तूच घाल काय गोंधळ घालायचा तो."

शिंप्याच्या घरची पोर, पण जन्मात सुई धरलेली नाही. टाके कुठं बोटभर, कुठं नखभर. बाई शेजारी दात आवळून बसली.

"गाठ मार शेवटी."

"गप्प बस ना गं! लोंबायलाच हवाय तो."

इतक्यात त्या पोरींतली एक दारात आली. अंगावर तसंच जॅकेट. "चल की! अजून तयारी चाललीय का?" म्हणत तिनं लेकीचा लाल दोरा ओढला. ही त्यांची राम राम करायची रीत. दोरा सरसर बाहेर आला आणि बिल्ला तिच्या हातात.

लेक पांढरीफटक.

"गाठ!" ओळंबाबाई ओरडली. "सांगत होते ना, गाठ मार म्हणून!"

मैत्रिणीनं आधी हातातल्या बिल्ल्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि फिस्सकन हसली. "स्वतः शिवलास? आपल्या गायिकेसारखा? थांब, मी धरते." तिनं बिल्ला होता त्याहून तिरका बाहीवर दाबून धरला. "काकू, इथंच टाके घाला. हलवू नका हं."

"मला शिकवतेस?" बाई करवादली, पण टाके घातले. पोरीच्या बोटांमधून, जशी जागा मिळेल तसे. तीन गाठी मात्र अशा मारल्या की बैल जुंपला तरी सुटू नयेत. दोघी पोरी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून खिदळत होत्या.

काम संपलं, तसा बाईचा हात सवयीनं कात्रीकडे गेला.

"काकूऽ!"

"आईऽ! दोरा!"

"जा बाई, जा लोंबत!" म्हणून तिनं कात्री खणात टाकली आणि खण धाडकन लावून घेतला.