तीन पोती बटाटे आणि हँडब्रेक

स्तामेन्का माझी शेजारीण. वय बहात्तर, उंची जेमतेम स्टिअरिंगच्या वर डोळे येतील एवढी, आणि जीभ अशी की बाजारात व्यापारी तिला पाहून वजनकाटा आधीच पुसून ठेवतात. गाडी चालवायला मीच शिकवलं तिला, ती सेहेचाळीस वर्षांची असताना. बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस मी, पण एवढी शिवीगाळ शिकणाऱ्याकडून कधी खाल्ली नव्हती.

तिचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. त्याच्या मागे राहिली ही दोन दारांची छोटी लाल गाडी, वय वर्षं चोवीस. इवान्यित्सा शहराच्या वर डोंगरात, जिथं बस आता येत नाही, तिथं आमची वरची वाडी. घरं नऊ, माणसं तेरा, चालणारी गाडी एक. कुणाला दवाखाना, कुणाला दात काढायचाय, कुणाला चीज विकायचंय, सगळे स्तामेन्काच्या फाटकाशी. ती आधी नाही म्हणते, मग दहा मिनिटं बोलते, मग किल्ली घेते.

दर मे महिन्यात त्या गाडीची तपासणी असते. म्हाताऱ्या गाडीचं माणसासारखंच, दरवर्षी काहीतरी निघतं. एका वर्षी दाराखालची पत्र्याची पट्टी गंजून बोट आत जायला लागलं, वेल्डिंग करून घेतली. पुढच्या वर्षी चाकाचा बॉल जॉइंट. मग सायलेन्सर, तो तिने स्वतः झोपून, खाली सरकून बदलला, नळकांड्याला शिव्या देत. तपासणीला दाखवावी लागणारी प्रथमोपचाराची पेटी तर अख्ख्या वाडीची एकच. इतरांच्या गाड्या चालत होत्या तेव्हा ज्याची तपासणी त्याने न्यायची, परत आणून द्यायची. ती कुणी कधी उघडलेली मला आठवत नाही.

पण या वर्षी गोष्ट वेगळी होती. जानेवारीत ती बर्फावर घसरून अंगणात दोन तास पडून राहिली होती. मुलगा नेबोयशा नोवी साद शहरातून धावत आला आणि तिच्याकडून शब्द घेतला. ज्या वर्षी गाडी तपासणीत नापास होईल, त्या वर्षी घराला कुलूप लावायचं आणि त्याच्याकडे सहाव्या मजल्यावर राहायला जायचं. गाडीशिवाय वर एकटीने राहणं म्हणजे वेडेपणा, असं त्याचं म्हणणं. ती म्हणाली, "दिला शब्द." आणि स्तामेन्काने शब्द दिला की संपलं.

म्हणून मीच अक्कल पाजळायला गेलो.

"हँडब्रेक तुझा ढिला आहे," मी म्हणालो. "मागे वजन टाक. चाकं दाबली जातात, ब्रेक घट्ट धरतो. बसमध्ये आम्ही तेच करायचो."

"ओब्रेन बसवाल्या, तुला खात्री आहे?"

"बत्तीस वर्षं!"

तर आम्ही मागच्या सीटसमोर तीन पोती बटाटे घातले, वर घोंगडी टाकली, आणि पोत्यांच्या शेजारी मी. एकशे पाच किलोचा मी. त्यात पुन्हा मला वाटलं, आपण किती हुशार.

तपासणीवाला विदोसाव नावाचा तरुण होता, डोळ्यांखाली झोप साठलेली. मला मागे पाहून म्हणाला, "काका, उतरायचं."

"गुडघा आखडलाय रे पोरा. सीट वाकवा, ओढा, अर्धा तास जाईल. बसतो इथंच."

"बसा, माझं काय जातंय."

त्याने गाडी ब्रेक तपासायच्या रोलरवर घेतली. पुढचे ब्रेक चांगले, मागचे चालण्यासारखे. मग हँडब्रेक ओढला. मी मागून यंत्राच्या पडद्याकडे मान ताणली. पास व्हायला सोळा टक्के लागतात. आकडा वर चढला, अडखळला आणि चौदावर थांबला.

त्याने पुन्हा केलं. चौदा.

मग भिंतीसमोर दिवे लावले, तर दोन्ही दिव्यांचा उजेड खुणेच्या कितीतरी वर. "मावशी, हे दिवे चंद्राला पाडायला लावलेत का?" तो म्हणाला. एरवी स्तामेन्काने त्याला असं उत्तर दिलं असतं की त्याची झोपच उडाली असती. आज ती बाहेर खांबाला टेकून उभी होती, नजर त्याच्या हातातल्या कागदावर.

"म्हणजे नापास?" तिने विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता.

"हँडब्रेक आणि दिवे. लिहावं लागेल, मावशी."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिच्या गुरांचा गोठा, तिची आलुबुखाराची झाडं, ती अंगणात बसून सकाळी कॉफी पिते ती जागा, सगळं त्या पोराच्या पेनाच्या टोकावर आलेलं. आणि मी हुशार माणूस बटाट्यांच्या शेजारी.

दिवे वर गेले ते आमच्याच ओझ्याने असणार, असं मला वाटलं. "थांब," मी ओरडलो. "लिहू नको! मागे माल आहे."

"कसला माल?"

"बटाटे. तीन पोती. ही माझी अक्कल, तिची नाही."

त्याने घोंगडी उचलली. आधी बटाट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, तुम्ही काय काम करायचात?"

"बस चालवायचो."

"म्हणजे आम्हीही त्यातून शाळेत गेलो असू. देवाची कृपा." त्याने डोकं हलवलं. "यंत्र ब्रेकचा जोर गाडीच्या वजनाने भागतं, काका. ब्रेक तोच राहिला, तुम्ही वजन वाढवलंत. टक्केवारी खाली येणारच. आणि बूड दबलं की दिवे वर पाहतात."

स्तामेन्काने माझ्याकडे पाहिलं. मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"सगळं खाली," विदोसाव म्हणाला. "तुम्हीसुद्धा. मग पहिल्यापासून."

माझा आखडलेला गुडघा त्या क्षणी चमत्काराने बरा झाला. पोती मी स्वतः बाहेर काढली, एकेक करून, कुणालाही हात लावू न देता. गाडी पुन्हा रोलरवर गेली. हँडब्रेक ओढला. मी डोळे मिटून घेतले, पाहायची हिंमतच नव्हती.

"एकोणीस," तो म्हणाला.

दिवे भिंतीवरच्या खुणेला नेमके टेकले. त्याने कागदावर शिक्का मारला आणि जीव भांड्यात पडला. मी पोत्यावर बसलो. स्तामेन्काने माझ्या टोपीवर एक चापट मारली, चांगली जोरात, आणि मग टोपी सरळ केली.

बाहेर येऊन तिने मुलाला फोन लावला. कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा करून. वाकलेल्या पाठीने, दोन्ही हातांत फोन धरून.

"नेबोयशा, पास."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ऐकलंस का? पास झाली गाडी. मी नाही येत."

"पास?" तो म्हणाला. "आई, खरंच पास?"

"शिक्का आहे. ओब्रेनने घाण करायची ती केली, तरी पास."

मग त्याने असा श्वास सोडला की आम्हा दोघांनाही स्पष्ट ऐकू आला. "सकाळपासून कामात लक्ष नाही माझं," तो म्हणाला. "तू इथं सहाव्या मजल्यावर काय केलं असतंस? खिडकीत बसून खालच्या गाड्या मोजल्या असत्यास. घराला कुलूप लागलं असतं तर मी उन्हाळ्यात जायचं कुठं? पण शब्द मीच मागितला होता. परत कसा घेऊ तेच कळेना."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू तरी कुठं बोललीस?"

ती रडायला लागली. नवऱ्याच्या अंत्यविधीलाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ओल्या गालांनीच ती हसत होती, आणि गाडीच्या टपावर हात फिरवत होती.

"आणि पुढच्या मेमध्ये?" तिने विचारलं. "पुढच्या मेमध्ये नापास झाली तर शब्दाचं काय?"

"तो शब्द मी परत घेतला, आई," नेबोयशा म्हणाला. "नापास झाली तर मी येतो आणि दुरुस्त करतो. तू तिथंच राहा."