दामूच्या पेशीची तयारी

शरीरशास्त्राशी माझा संबंध एवढाच, की मला शरीर आहे. तरीही डॉक्टरी शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी एकदा त्या विषयात माझी मदत मागितली, आणि मी ती केली.

तेव्हा मी खालापूरला कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत असे. सनद नव्हती, पण लोक वकीलसाहेब म्हणून हाक मारत आणि मी वळून बघत असे. सासुरवाडी पळसदरीची, भातशेती करणारी माणसं. त्या घरात चार यत्ता इंग्रजी शिकलेला मी एकटाच, त्यामुळे गुरांच्या औषधापासून विलायतेच्या राणीपर्यंत ज्याला जे अडेल ते तो मला विचारी, आणि मी सांगत असे. 'माहीत नाही' असंही एखाद्या वेळी म्हणता येतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

माझा मेहुणा दामू पुण्याला वैद्यकशाळेत होता. तिथं त्या काळी मराठीतून डॉक्टरी शिकवत. सुटीत तो नारायण नावाच्या आपल्या कर्जतच्या सोबत्याला घेऊन माझ्याकडे आला. दोघांचेही चेहरे उतरलेले. बायको पाणी देऊन आत गेली तसा दामू माझ्याजवळ सरकला.

"दाजी, पेशीचं काय जमंना," तो म्हणाला. "गेल्या खेपेला सायबानं पेशीवरच धरलं. आता पुन्हा त्याच्यापुढं उभं ऱ्हायचं हाय. तुमी मदत करा. पन बाबांना कळता कामा नाय."

शरीर ज्या बारीक बारीक कणांचं बनलेलं असतं त्यांना पेशी म्हणतात, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. मला तेव्हा एकच पेशी ठाऊक होती. कचेरीत नावाचा पुकारा झाला की साहेबासमोर हजर व्हायचं, ती. रोज तिच्या दारातच तर बसत होतो! दामू तोंडी परीक्षेबद्दल बोलत होता. मी समजलो, पोरगा खटल्यात सापडला.

गुन्हा कोणता, असं तोंडावर विचारणं बरं दिसेना. (मुरलेला वकील असं कधी विचारत नाही. मी मुरलेला नव्हतो आणि वकीलही नव्हतो, म्हणून जास्तच जपून वागलो.) नेमकं कुठं अडतं, एवढंच विचारलं.

नारायण म्हणाला, "सुरुवातीला पेशी एकच असते. मग एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. हे कशामुळं होतं तेच सांगता येत नाही."

"ते कुणालाच सांगता येत नाही," मी म्हणालो. "माझ्याकडे एक म्हातारा येतो. त्याच्या एकीच्या चाळीस झाल्या."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दामूनं हळूच विचारलं, "जिता हाय का त्यो?"

"आहे. पण पार खंगलाय."

हे ऐकून नारायण पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचाही विसरला. मला वाटलं, माझ्या अनुभवाचा दाब पडतोय. मग मी पाय पोटाशी घेऊन नीट बसलो आणि त्यांना साहेबापुढे कसं उभं राहावं ते शिकवलं. विचारलं तेवढंच बोलायचं. आपण होऊन काही सांगायचं नाही. आणि फारच अडचणीत आलं तर नजर खाली ठेवून 'आठवत नाही' म्हणायचं, कारण आठवत नाही म्हणणाऱ्याचं वाकडं झालेलं मी आजवर पाहिलेलं नाही. पुण्याच्या शाळेत असलं काही शिकवलं नव्हतं, त्यामुळे दोघं जरा गोंधळले. पण वडीलधारा माणूस सांगतोय म्हणून दोघांनी तेच दोन-तीनदा घोकलं आणि ते पळसदरीला परतले.

ते गेल्यावर बायको बाहेर आली. दाराआडून तिनं 'पेशी' आणि 'सायबानं धरलं' एवढं बरोबर ऐकलं होतं. तिचे डोळे भरून आले. मी तिला शपथ घातली, की ही गोष्ट बाबांच्या कानावर घालायची नाही. तिनं ती पाळली. तिनं फक्त आईला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांची बैलगाडी दारात उभी! सोबत दोन शेजारी, धुतलेली धोतरं नेसून, साक्षीला आलेले. सासरे शांत माणूस, पण त्या दिवशी गाडी थांबायच्या आतच ते खाली उतरले. एकुलत्या एका पोराला डॉक्टर करायचं म्हणून भाऊबंदांची बोलणी त्यांनी खाल्ली होती. पोराला विचारायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, म्हणून ते सरळ माझ्याकडे आले होते.

"जावयबापू, पोर सुटंल ना?" त्यांनी विचारलं.

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, की माझ्या शिकवणीनं सुटलाच समजा. तोवर एक साक्षीदार पुढं सरसावला. "त्या दिशी दामू दिवसभर माज्यासंगं खळ्यावर व्हता," तो म्हणाला. कोणत्या दिवशी, असं मी विचारलं. "त्यो दिस तुमी सांगा," तो म्हणाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की निदान दिवस आणि गुन्हा तरी आपल्याला कळायला हवा. म्हणून मी फौजदाराकडे गेलो आणि फार हुशारीनं, आडून आडून, पळसदरीच्या दामूबद्दल विचारपूस केली. फौजदारानं त्याचं नाव कधी ऐकलं नव्हतं. मी त्याला दिलासा दिला, की गुन्हा मोठा नसावा, मुलगा तसा चांगला आहे. फौजदारानं मिशीवरून हात फिरवला, मला चहा पाजला आणि मी बाहेर पडताच पळसदरीला शिपाई धाडला.

शिपायानं दामूची पेटी उघडली. आत, धोतरात गुंडाळलेली, माणसाची कवटी आणि एका हाताची हाडं होती.

दुपारी दामू आणि नारायण फौजदारापुढे उभे होते, टेबलावर कवटी होती, आणि मागं भिंतीशी सासरे, दोन साक्षीदार आणि मी. साक्षीदारांनी कवटी पाहिली आणि ते लघवीला म्हणून जे बाहेर गेले ते परत आले नाहीत.

हे कुणाचं डोकं, असं फौजदारानं विचारलं.

दामूनं ती हाडं अभ्यासासाठी शाळेतून न विचारता आणली होती, त्यामुळे आधीच त्याची बोबडी वळली होती. त्यानं नजर खाली घातली.

"आठवत नाय, सायेब."

आणि हा हात?

"त्यो बी आठवत नाय."

माणसाचं डोकं कुणाचं ते आठवत नाही, असं सांगणारा आरोपी फौजदाराला जन्मात भेटला नव्हता. सासरे मटकन खाली बसले. मी मात्र मनात म्हटलं, पोरगं शिकवल्याप्रमाणे अगदी बरोबर बोलतंय.

नशीब एवढंच, की हाडं बघायला दवाखान्याच्या डॉक्टरांना बोलावलं होतं. त्यांनी कवटी उलटी केली, आत शाईनं घातलेले आकडे पाहिले आणि ते हसले. ही शिकायची हाडं आहेत, म्हणाले. पण हा शिकणारा आहे की चोर, असं फौजदारानं विचारलं, तेव्हा डॉक्टर दामूकडे वळले.

"पेशी म्हणजे काय, सांग बघू."

मी दामूला डोळ्यांनी खुणावलं, काही बोलू नकोस. त्यानं माझ्याकडे पाहिलं, खाली बसलेल्या बापाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच माझं ऐकलं नाही.

"पेशी म्हणजे सजीव शरीराचा सर्वांत लहान घटक," तो पुस्तकी मराठीत एका दमात म्हणाला. "तिच्याभोवती पातळ आवरण असतं, आत जीवरस असतो आणि मध्ये केंद्र असतं. पेशी वाढली की तिच्या दोन होतात."

पुढं तो अडला, तशी त्याला नारायणनं उचलून धरलं. तोही अडला, तेव्हा डॉक्टरांनी फौजदाराचीच दौत पुढं ओढली आणि कागदावर गोल काढून दोघांना समजावून सांगायला लागले. फौजदारही मान वाकवून बघत राहिला.

सासऱ्यांनी माझ्याकडे मान वळवली. "म्हंजी पेशी अंगातच असती?"

मी म्हणालो, तसं दिसतंय खरं.

यानंतर सासरे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. हाडं मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीसह शाळेत परत गेली, आणि सुटी संपेपर्यंत डॉक्टरांनी दोन्ही पोरांना दवाखान्यात बसवून सगळा विषय नीट करून घेतला. दामू त्या परीक्षेत वरच्या नंबरानं पास झाला.

पळसदरीला त्याचं गावजेवण झालं. सासरे मला हाताला धरून प्रत्येक पानाशी घेऊन गेले आणि प्रत्येक पाहुण्याला त्यांनी एकच गोष्ट सांगितली.

"ह्ये आमचं थोरलं जावई. ह्येंनी पोराला पोलिसात पकडून दिलं, म्हनून त्यो पास झाला."

मी प्रत्येक वेळी हात जोडून नमस्कार केला. काय करणार, वाक्यात खोडून काढण्यासारखं काहीच नव्हतं.